कोरियन मालिकांतले प्रेम: कबुलीच्या आधीचे आणि लग्नाच्या नंतरचे

शब्दसखी (धागाकर्ती):

‘त्या कोरियन मालिकांत एवढे आहे तरी काय?’ हा प्रश्न या मालिका पाहणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी विचारला जातो. देखणे नायक, पहिला बर्फ, एकाच छत्रीतून चालणारे दोघे, नेमक्या क्षणी सुरू होणारे गाणे, अशी उत्तरे दिली जातात आणि ती खरीही आहेत. परंतु अनेक वर्षे या मालिका मनापासून पाहिल्यानंतर माझे उत्तर निराळे आहे. यांतल्या चांगल्या प्रेमकथांचा जीव प्रेमाच्या कबुलीत नसतो. समोरच्याने बोलता बोलता सांगितलेली एखादी क्षुल्लक गोष्ट कोणीतरी लक्षात ठेवतो आणि पुढे तिच्यासाठी पदरमोड करतो, कष्ट घेतो, हे त्या दाखवतात (मी याला ‘दखल घेणे’ म्हणते), आणि ते दाखवायला त्यांना भरपूर वेळ मिळतो.

‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ बहुतेकांनी पाहिली असेल. डिसेंबर २०१९ ते फेब्रुवारी २०२० या काळात टीव्हीएन वाहिनीवर ती दाखवली गेली. पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडून उत्तर कोरियात जाऊन पडलेली दक्षिणेची श्रीमंत उद्योजिका युन से-री आणि तिला लपवून ठेवणारा लष्करी अधिकारी री जंग-ह्योक यांची ही गोष्ट आहे. सीमारेषा, पाठलाग, गोळीबार हे सगळे त्यात आहेच. पण मला विचाराल तर या कथेतले प्रेम एका मेणबत्तीत आहे. वीज गेलेल्या घरात से-री सुगंधी मेणबत्ती मागते. त्याला असे काही असते हेच ठाऊक नसल्यामुळे तो साधी मेणबत्ती आणून देतो. पुढे एकदा ती संध्याकाळच्या बाजारात हरवते, ओळखीचे कोणी दिसेना म्हणून कावरीबावरी होते, आणि गर्दीत तिला डोक्याच्या वर उंच धरलेली एक पेटती मेणबत्ती दिसते. तो तिला सांगतो की ही या वेळी सुगंधी आहे. प्रेमाचा एक शब्दही उच्चारला जात नाही. पण त्याने तिचे बोलणे ऐकले, ते मनात ठेवले, बाजारात ती वस्तू शोधली आणि गर्दीत स्वतः सर्वांच्या नजरेत येण्याचा धोका पत्करला, हे सगळे त्या एका हात वर करण्यात येते. तिला कॉफी हवी असते म्हणून तो कच्च्या बिया आणून, लोखंडी भांड्यात भाजून, दळून कॉफी करतो, तोही प्रसंग याच जातीचा आहे.

पार्क जी-उन यांनी ही मालिका लिहिली आहे आणि त्यांच्या लेखनचमूत उत्तर कोरियातून आलेली एक व्यक्तीही होती. बाजार, वीज जाणे, थंडीसाठी एकत्र बसून किमची (कोबीचे तिखट लोणचे) घालणाऱ्या शेजारणी हे तपशील त्यामुळे नुसती पार्श्वभूमी म्हणून उरत नाहीत. जिथे वस्तू सहज मिळत नाहीत तिथे एखादी वस्तू मिळवून देण्याला किती अर्थ असतो, हे आपल्याला त्यांतून समजते. हेच दोघे सोलच्या एखाद्या मॉलमध्ये भेटले असते तर ती मेणबत्ती निव्वळ खरेदी ठरली असती.

दुसरे उदाहरण २०२२ सालच्या ‘एक्स्ट्राऑर्डिनरी अटर्नी वू’ या मालिकेचे. नायिका वू यंग-वू स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे, असामान्य बुद्धीची वकील आहे, पण कार्यालयाच्या फिरत्या दारातून आत जाणे तिला जमत नाही. ली जुन-हो हा सहकारी तिला वॉल्ट्झ या पाश्चात्त्य नृत्याच्या ठेक्यावर, एक-दोन-तीन असे मोजत, त्या दारातून जायला शिकवतो. तो तिच्यासाठी दार धरून उभा राहिला असता तरी आपण त्याला भला माणूस म्हटले असते. त्याने मात्र तिची अडचण नेमकी कुठे आहे हे पाहिले आणि ती पुढच्या वेळी त्याच्याशिवायही आत जाऊ शकेल असा उपाय शोधला. या दोन वागणुकींतला फरक ज्या लेखिकेला कळतो, तिची प्रेमकथा मी डोळे मिटून पाहायला घेते.

यांतल्या बऱ्याच मालिका सोळा भागांच्या असतात, प्रत्येक भाग तासाभराचा किंवा त्याहूनही मोठा असतो, आठवड्याला दोन भाग येतात आणि गोष्ट तिथे संपते. चित्रपटाला एवढा वेळ परवडत नाही, आणि आपल्याकडच्या वर्षानुवर्षे चालणाऱ्या दैनंदिन मालिकांना शेवट ठाऊक नसल्यामुळे पहिल्या आठवड्यात पेरलेली मेणबत्ती दुसऱ्या आठवड्यात पेटवण्याची शिस्त पाळता येत नाही. आपल्याला या मालिकांतले कोणते प्रसंग असे वाटले, आणि कुठे ही प्रेमकथा फसली असे वाटते, ते जरूर लिहावे.

रानवाट:

लेख आवडला, उदाहरणेही चपखल आहेत. तरीही चित्राची दुसरी बाजू मांडतो. आपण निवडक दाणे दाखवले आहेत. माझ्या बहिणीमुळे मी जी पहिली कोरियन मालिका पाहिली ती २००९ सालची ‘बॉइज ओव्हर फ्लॉवर्स’. मूळ कथा जपानी चित्रकथेची असली तरी कोरियन रूपांतर प्रचंड गाजले आणि कित्येकांसाठी तेच या दुनियेचे प्रवेशद्वार ठरले. त्यातला धनाढ्य घराण्याचा वारस सुरुवातीला नायिकेचा अक्षरशः छळ करतो, सबंध शाळेला तिच्यामागे लावतो, आणि आपण मात्र त्याच्या प्रेमात पडणे अपेक्षित असते. त्या काळातल्या मालिकांत नायिकेचे मनगट धरून तिला फरफटत नेणे हा जणू प्रेमाचा पुरावा मानला जाई. दोन पुरुष तिचे एकेक मनगट धरून उभे आहेत आणि ती मध्ये मुकाट आहे, असे प्रसंग आपण सर्वांनी पाहिले आहेत. चुंबनाच्या वेळी डोळे सताड उघडे ठेवून ताठ उभी राहणारी नायिका हाही त्याच काळाचा वारसा. या प्रकाराला ‘दखल घेणे’ म्हणता येणार नाही. उलट समोरच्या बाईची इच्छा मुळीच विचारात न घेणे, हाच त्याचा पाया आहे.

शब्दसखी:

रानवाट, आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे आणि त्या प्रसंगांचे समर्थन मी कधीही करणार नाही. श्रीमंत वारसाचा उद्धटपणा ही मर्दानगी आणि तिने तो सहन करणे ही प्रेमाची परीक्षा, हा साचा कोरियन मालिकांनी बरीच वर्षे जोपासला. कोरियातही प्रेक्षकांनी आणि महिला संघटनांनी यावर टीका केली आहे. गेल्या दहाएक वर्षांत मनगट धरण्याची जागा हात पुढे करून थांबण्याने घेतलेली दिसते. सर्वच मालिकांत हा बदल झाला आहे असे म्हणवत नाही, परंतु नव्या मालिकेत नायकाने मनगट खेचले तर आता प्रेक्षक ते खपवून घेत नाहीत.

माझा मुद्दा यातून अधिक ठळक होतो. ज्याला समोरच्याचे ऐकूनच घ्यायचे नाही, त्याला सुगंधी मेणबत्ती कधीच सुचणार नाही.

आजीचीपोतडी:

मी तुम्हां सर्वांपेक्षा वयाने बरीच मोठी आहे. सून आणि नात यांच्यामुळे या मालिकांची गोडी लागली. डोळ्यांना त्रास होतो म्हणून हिंदीत डब केलेल्या पाहते. शब्दसखी, तू लिहिलेले सगळे लग्नाआधीचे आहे, बाळ. माझ्या पिढीला प्रश्न पडतो तो पुढचा. मेणबत्ती आणणारा हा मुलगा आईसमोर आणि आजीसमोर कसा वागेल?

त्याचे उत्तर मला २०२५ सालच्या ‘व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजेरिन्स’मध्ये मिळाले. जेजू बेटावरची एसून आणि तिच्यावर लहानपणापासून जीव टाकणारा ग्वानसिक यांची ही जन्मभराची गोष्ट आहे. लहानपणी तो बाजारात तिच्या वाटची कोबी विकून देतो, तरुणपणी दूर निघालेल्या बोटीवरून तिच्यासाठी समुद्रात उडी मारून पोहत परत येतो. ती उडी सर्वांच्या लक्षात राहिली आहे. माझ्या मनात मात्र घर करून राहिले ते सासरचे जेवण. पुरुष आणि वडीलधारी मंडळी मोठ्या टेबलाशी बसलेली, बायकामुली बाजूच्या छोट्या टेबलाशी. ग्वानसिक काही बोलत नाही, भांडत नाही; मोठ्या टेबलाकडे पाठ करतो, वळून बसतो आणि बायकोबरोबर जेवू लागतो. त्या काळातल्या त्या बेटावर हे करणे समुद्रात उडी मारण्यापेक्षा अवघड असले पाहिजे. ज्या घरांत पुरुषांची पंगत आधी उठायची आणि बायकांनी उरलेसुरले खायचे, त्या घरांत मी वाढले आणि नांदले. त्या वळून बसण्याची किंमत मला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

पुढे त्यांची मुलगी गुम-म्यंग हिचे जमलेले लग्न मोडते, कारण होणाऱ्या सासूला ही सून आपल्या तोलामोलाची वाटत नाही आणि मुलगा प्रेमळ असूनही आईपुढे उभा राहू शकत नाही. तो मुलगा वाईट नाही. पण ज्या बापाने पाठ फिरवून दाखवली त्याच्या मुलीला एवढ्यावर समाधान मानणे शक्य नव्हते. लेखिकेने बाप आणि तो मुलगा यांची तुलना कुठेही बोलून दाखवलेली नाही, तरी ती आपल्याला दिसते.

जाता जाता आणखी एक. ‘रिप्लाय १९८८’मध्ये सन-ऊ आणि बो-रा यांच्या लग्नात आडनाव आणि कुळाचे मूळगाव एकच असल्याचा अडथळा येतो. अशा विवाहांना कोरियात कायद्यानेच मनाई होती, आणि १९९७ साली तिथल्या संवैधानिक न्यायालयाने ती मनाई संविधानाशी विसंगत ठरवली. सगोत्र म्हणून मोडलेली लग्ने ज्यांनी आपल्या घरांत पाहिली आहेत, त्यांना तो भाग पाहताना फार काही समजावून घ्यावे लागणार नाही.

शब्दसखी:

आजी, तुम्ही माझ्या धाग्याला त्याचा राहिलेला अर्धा भाग दिला आहे. त्या वळून बसण्यातही दखल घेणेच आहे, पण ती चारचौघांत, आपल्याच माणसांसमोर घेतलेली दखल आहे. उलट बाजूचे उदाहरण म्हणून २०१८ सालची ‘समथिंग इन द रेन’ आठवते. पस्तिशीतली जिन-आ आणि तिच्या जिवलग मैत्रिणीचा धाकटा भाऊ जुन-ही यांचे प्रेम सुरुवातीच्या भागांत अतिशय हळुवारपणे फुलते. चारचौघांत बसलेले असताना ती टेबलाखाली त्याचा हात हातात घेते, वर मात्र चेहऱ्यावर काही दिसू देत नाही. दिग्दर्शक आन पान-सक तिथे अजिबात घाई करत नाहीत. परंतु तिची आई मुलाच्या घराण्यावरून विरोध सुरू करते, आणि त्यानंतर जिन-आ कधी आईची, कधी मैत्रिणीची, कधी कार्यालयाची समजूत काढत राहते. टेबलाखाली धरलेला तो हात टेबलावर आणणे तिला फार उशिरापर्यंत जमत नाही. अनेक प्रेक्षक दुसऱ्या अर्ध्या भागावर चिडले, मला मात्र तो खरा वाटला आणि म्हणूनच फार लागला.

तिठा:

आपण ‘रिप्लाय १९८८’चा उल्लेख केलाच आहे तर माझी जुनी तक्रार मांडतो, कारण शब्दसखी यांची मांडणी इथे कसाला लागते. सोलमधल्या स्सांगमुन-दोंगच्या एका गल्लीत एकत्र वाढलेली पाच मुले, त्यांपैकी दक-सन हिचा नवरा पुढे कोण होणार, हे कोडे मालिका शेवटपर्यंत राखून ठेवते. त्या मुलांपैकीच जंग-ह्वान तिची जेवढी दखल घेतो तेवढी कोणीच घेत नाही. सकाळी ती बाहेर पडेपर्यंत तो दाराशी बुटांच्या नाड्या पुन्हा पुन्हा बांधत राहतो. गर्दीने भरलेल्या बसमध्ये तिला धक्का लागू नये म्हणून दोन्ही हात टेकवून उभा राहतो. रात्री अभ्यासिकेतून येताना पाऊस लागला तर छत्री घेऊन वाट पाहतो, आणि ती आल्यावर ‘लवकर येत जा’ एवढेच बोलतो. आपल्या कसोटीप्रमाणे दक-सन त्याचीच व्हायला हवी होती. ती झाली गल्लीतल्याच तेकची, ज्याला ‘बादुक’ या सोंगट्यांच्या बैठ्या खेळाच्या पटाबाहेर स्वतःचे बूटही धड घालता येत नाहीत! हा अन्याय मी अजून विसरलेलो नाही आणि असे मानणारा मी एकटा नाही.

शब्दसखी:

तिठा, जंग-ह्वानसाठी मीही रडले आहे. तरीही लेखिका ली ऊ-जंग यांचा निर्णय मला बरोबर वाटतो, आणि त्याचे कारण त्या मालिकेनेच दिले आहे. जंग-ह्वानने केलेली प्रत्येक गोष्ट तो लगोलग लपवतो. नाड्या बांधतो पण ‘तुझ्यासाठी थांबलो होतो’ असे म्हणत नाही. छत्री देतो पण वर खेकसतो. दक-सनच्या बाजूने पाहिले तर तिला वर्षानुवर्षे एक तुसडा शेजारी दिसतो. आपल्याला जे कळते ते कॅमेरा आपल्याला दाखवतो म्हणून; तिच्याजवळ कॅमेरा नाही. घरातले मधले अपत्य म्हणून जिच्या वाढदिवसाचा केकही थोरल्या बहिणीच्या केकवरच उरकला जातो, त्या मुलीला ‘आपण कोणाला तरी आवडतो’ हे अंदाजाने ओळखायला लावणे फार कठोर आहे.

१९९४ सालच्या त्या संगीत कार्यक्रमाचा प्रसंग आठवून पाहा. ती एकटीच दाराशी उभी आहे हे कळल्यावर जंग-ह्वान गाडी दामटत निघतो, रस्त्यात एकामागून एक लाल दिवे लागतात, आणि तो पोहोचतो तेव्हा तेक आधीच तिच्यासमोर उभा असतो, आपला बादुकचा सामना सोडून आलेला. परतताना जंग-ह्वान स्वतःलाच सांगतो की दोष त्या दिव्यांचा नाही, आपल्या असंख्य वेळा कचरण्याचा आहे. पुढे मित्रांसमोर तो अंगठी काढून मनातले सगळे बोलतो आणि क्षणात ती थट्टा असल्याचे भासवतो. हा प्रसंग मी पुन्हा पाहू शकत नाही. तेकनेही एकदा माघार घेतली होती. मित्राच्या पाकिटात तिचे छायाचित्र दिसल्यावर त्याने तिला सिनेमाला नेण्याचा बेत रद्द केला. पण दुसरी संधी आली तेव्हा त्याने ती लांबवली नाही.

म्हणून माझ्या कसोटीत एक भर घालते. घेतलेली दखल त्या माणसापर्यंत पोहोचली पाहिजे. से-रीला मेणबत्ती दिसली. दक-सनला नाड्या दिसल्या नाहीत.

तिठा:

पटले म्हणत नाही, पण ‘तिच्याजवळ कॅमेरा नाही’ हे वाक्य दिवसभर डोक्यात राहील. केकचा प्रसंग मी या बाजूने कधी पाहिला नव्हता.

आल्प्सपार:

मी गेली काही वर्षे स्वित्झर्लंडमध्ये आहे, म्हणून ‘क्रॅश लँडिंग’संबंधी थोडी भर. री जंग-ह्योक ज्या लाकडी धक्क्यावर पियानो वाजवतो तो ब्रीएन्झ सरोवराकाठच्या इझेल्टवाल्ड या गावी आहे. गाव चिमुकले, वस्ती सुमारे चारशेची. मालिकेनंतर आशियातून एवढी रीघ लागली की गावाने धक्क्यावर जाण्यासाठी पाच फ्रँक शुल्क लावले आणि फिरते फाटक बसवले. आईबाबा भारतातून आले तेव्हा त्यांना तिथे नेले. बाबांनी मालिका पाहिलेली नव्हती, त्यामुळे लोक रांग लावून रिकाम्या धक्क्यावर का उभे आहेत हे त्यांना कळेना. पियानो चित्रीकरणापुरता आणला होता, तिथे आता पाणी, डोंगर आणि फाटक एवढेच आहे. आईने मात्र त्यांना सबंध गोष्ट तिथेच उभे राहून सांगितली: भावासाठी रचलेली धून तो वाजवतो, बोटीवरून जाणाऱ्या अनोळखी से-रीच्या कानावर ती पडते, आणि जगण्याला कंटाळलेल्या त्या मुलीला त्या सुरांचा आधार होतो, हे दोघांनाही पुढे कित्येक वर्षे ठाऊक नसते.

शब्दसखी, हा प्रसंग आपल्या कसोटीत बसत नाही. त्याने तिची दखल घेतलेलीच नव्हती, तरी ते पोहोचले.

शब्दसखी:

आल्प्सपार, फार सुंदर लिहिलेत. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. खरे सांगायचे तर स्वित्झर्लंडमधले ते योगायोग मला मालिकेचा दुबळा भाग वाटतात. नियतीने त्यांना आधीच भेटवले होते असे सांगितले की घरात भाजलेल्या कॉफीचे मोल उगाच थोडे उतरते. परंतु कोरियन प्रेमकथेला पूर्वयोगाची ओढ जबरदस्त आहे. दोघे लहानपणी भेटलेले असतात, एकाने दुसऱ्याचा जीव वाचवलेला असतो, आणि हे बाराव्या भागात उघड होते. मी त्या प्रसंगांतून लवकर पुढे जाते.

रानवाट:

शेवटचा एक प्रश्न, कारण मला या विषयात आता खरोखरच रस वाटू लागला आहे. २०२२ सालच्या ‘ट्वेंटी-फाइव्ह ट्वेंटी-वन’चा शेवट आपल्याला कसा वाटला? मला त्याचा फार राग आला होता. पंधरा भाग ज्या दोघांनी एकमेकांना उभे केले, त्यांना सोळाव्या भागात वेगळे करणे ही प्रेक्षकांची फसवणूक वाटली.

शब्दसखी:

त्या शेवटावर मी पुष्कळ विचार केला आहे. १९९७-९८ सालच्या आर्थिक संकटात नायिका ना ही-दो हिच्या शाळेचा तलवारबाजीचा संघ बंद पडतो आणि नायक बेक यी-जिनचे श्रीमंत घर देशोधडीला लागते. त्या पडझडीत त्यांच्याजवळ एकमेकांना द्यायला फक्त वेळ आणि लक्ष असते, आणि ते दोघेही भरभरून देतात. पुढे तो वार्ताहर होतो. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कहून वार्तांकन करताना जे पाहतो त्याने आतून मोडून जातो, आणि ते ओझे तिच्यावर नको म्हणून तिला काहीच सांगत नाही. फोन उचलले जात नाहीत, भेटी रद्द होतात, ‘सॉरी’ म्हणणे वाढत जाते.

ही-दो हे सगळे आधीच जगलेली आहे. तिची आई वृत्तनिवेदिका होती आणि बातम्यांच्या कामामुळे स्वतःच्या नवऱ्याच्या अंत्यविधीलाही पोहोचू शकली नव्हती. वाट पाहणे म्हणजे काय हे त्या मुलीला लहान वयात कळले होते. यी-जिनचे प्रेम आटले नव्हते, पण ज्या लक्ष देण्यावर ते उभे होते ते देणे त्याला आता शक्य नव्हते, आणि आईची वाट पाहण्यात ज्या मुलीचे बालपण गेले तिने तेच पुन्हा स्वीकारावे असा आग्रह मला धरवत नाही. मला तो शेवट आवडला नाही, रानवाट. पण ही-दोने दुसरे काय करायला हवे होते, हे मला आजही सांगता येत नाही.